सांगाडा मात्र जुनाच

बालपणी फादरांच्या जीपमागे धावलेल्या वाचकांस हा विषय परका वाटणार नाही. १९४७ पासून महिंद्रा कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग परदेशातून आणवून गाड्या जोडावयास आरंभ केला. अशी आजोबांची एखादी जीप भोपाळात अंगणी गंजत पडली असेल, तर तिच्या उद्धारासाठी ती पुन्हा सुटी करावी लागते. इंजिन, गिअरपेटी, पाटे, पत्रा सारे उतरवून केवळ चासी उरवावयाची.

गंज खरवडला की मोह होतो, दुसरीच चासी का घालू नये? (काम सोपे, हे खरेच!) परंतु गाडीची ओळख त्या सांगाड्यावरील क्रमांकात असते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीस 'व्हीए' अक्षरांची खास नोंदणी मिळते. मात्र चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी धंद्यास वापरता येत नाही.

म्हणून कुजका भाग कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. चासीचे दोन्ही कर्णही मोजून ठेवावेत. वेल्डिंगनंतर ते असमान भरले, तर सांगाडा वाकला असे समजावे.