फियाटचा काळा रंग

जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली फियाट, जाफराबादच्या उन्हात दारापुढे वर्षानुवर्षे उभी राहिली, की आधी थकतात ते तिचे काळे भाग. वायपरच्या दांड्यांचा रंग उडतो, काळे प्लास्टिक राखेसारखे पांढुरके होते. कुर्ल्याच्या कारखान्यातले तिचे उत्पादन कधीच थांबले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. तेव्हा आहे ते जपायचे.

उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर झिजून त्याची भुकटी होते. तिच्यावर थेट रंग मारला, तर रंग धरतो तो भुकटीला, प्लास्टिकला नाही. थोड्याच दिवसांत पोपडे निघतात. खरी मेहनत रंगाच्या आधी आहे.

साबणाने धुऊन पॉलिशचा तेलकटपणा पूर्ण काढावा. तो राहिला तर रंगात गोल खड्डे पडतात. मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासावे. आजूबाजूला चिकटपट्टी आणि जुने वर्तमानपत्र लावावे. प्लास्टिकला प्लास्टिकचाच प्रायमर. लोखंडाला गंज काढून रेड ऑक्साइड. रंग मॅट काळा घ्यावा. झगझगीत काळा म्हणजे लग्नातले नवे बूट, असे आपले माझे मत! एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकावे. तापलेल्या भागावर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि खरखरीत होतो.

काचेभोवतीच्या रबराला मात्र रंग लावू नये. रबर वाकते, रंग तडकतो. भेगा पडलेले रबर बदलावेच लागते.