टायर बाजूने जातो

सायकलच्या इतिहासात १८८८ या सालाची नोंद दोन ठिकाणी आहे. आयर्लंडमधल्या बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने सायकलींचे दुकान थाटले. पुढे या दुकानाचा कारखाना झाला, १९१० मध्ये तो औंध संस्थानातल्या माळावर आला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगर आणि पंपांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या उद्योगाची सुरुवात सायकलने झाली, हे आता थोड्यांनाच आठवते.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे गेली आणि सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर दोन अगदी वेगळ्या सायकली धावू लागल्या. एक २८ इंची काळी, रॉड ब्रेकची, मागे दुधाचे कॅन लटकवलेली. दुसरी कार्बनची किंवा ॲल्युमिनियमची, बोटभर रुंदीच्या टायरवर पहाटे यवतेश्वरचा घाट चढणारी. दोघींचा मालक टायर तपासतो तो सारखाच: अंगठा दाबून हवा बघतो आणि वाकून नक्षी बघतो. नक्षी गेली की म्हणतो, टायर गोटा झाला, बदलायला हवा. पण बारीक टायरच्या बाबतीत गोटा होण्याची पाळी अनेकदा येतच नाही. त्याआधी बाजू फाटते. वहाणेचा तळवा शाबूत असताना अंगठा तुटावा, तसा हा प्रकार आहे.

रबर दिसते, काम कापड करते

डनलॉपचा पहिला टायर म्हणजे कॅनव्हासच्या कापडात गुंडाळून लाकडी चाकावर ठोकलेली रबरी नळी होती. आजचा टायरही मुळात कापडाचाच आहे. हवेचा सगळा जोर हे कापड पेलते. रबर त्याला जमिनीच्या घासापासून आणि पाण्यापासून जपते, एवढेच.

सुरुवातीला हे कापड साधे, उभ्या-आडव्या विणीचे असे. चाक फिरताना टायर क्षणोक्षणी दबतो आणि सुटतो. त्यात एकमेकांवरून गेलेले धागे एकमेकांना घासून तुटत. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन पामर यांनी त्यावर तोड काढली. धागे विणायचेच नाहीत. एका थरात सगळे समांतर ठेवायचे, मध्ये रबर घालायचे आणि दुसरा थर तिरपा, उलट दिशेने द्यायचा. सायकलचा टायर आजही असाच, दोन तिरप्या थरांचा बनतो. सुताच्या जागी नायलॉन आले. कडेला तार घालून टायर रिममध्ये अडकवण्याची युक्ती चार्ल्स वेल्च यांची, १८९० ची. महागड्या टायरमध्ये आता तारेऐवजी अरामिडचा दोर असतो, म्हणून ते घडी घालून खिशात नेता येतात.

रस्त्याला टेकणाऱ्या भागावर जाड रबर असते. बाजूला मात्र कापडावर नुसता लेप. रेसिंगच्या टायरची बाजू कापड आणि रबर मिळून एक मिलिमीटरही भरत नाही. आणि तिच्यावर ओढ किती? हिशेब सोपा आहे. हवेचा दाब गुणिले टायरची अर्धी रुंदी. २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पौंड हवा असेल तर बाजूच्या प्रत्येक सेंटिमीटरला साधारण पावणेनऊ किलोची ओढ बसते. जुन्या काळ्या सायकलच्या ४० मिलिमीटर टायरमध्ये ५० पौंड हवा धरली तर ही ओढ सात किलोच्या आसपास येते. म्हणजे बारीक टायरची बाजू जुन्या टायरपेक्षा कितीतरी पातळ असून ओझे मात्र जास्त उचलते. याच हिशेबातून दुसरीही गोष्ट निघते. रुंद टायरमध्ये बारीक टायरइतकीच हवा कोंबली तर ओढ रुंदीच्या पटीत वाढते. म्हणून रुंदी वाढवली की हवा कमी करायची असते.

काळ्या सायकलचे शहाणपण

भारतीय रोडस्टरच्या टायरवर ‘२८ × १½’ असा आकडा असतो. या टायरची बाजू जाड, नक्षी खोल आणि अंगावर वजन भरपूर. त्याच्या दीर्घायुष्याचे आणखी एक कारण ब्रेकमध्ये आहे. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने दाबते. ते कितीही सरकले तरी टायरला लागू शकत नाही. रोड बाइकचा कॅलिपर ब्रेक रिमच्या बाजूवर, टायरपासून दोन-तीन मिलिमीटरवर बसतो. ब्रेक रबर तेवढे वर चढले की प्रत्येक ब्रेकला टायर खरवडला जातो. पसरणीच्या घाटासारखा लांब उतार असेल तर एका उतरणीतही बाजूचे धागे उघडे पडू शकतात.

काळ्या सायकलच्या टायरलाही बाजूचा एक शत्रू होता: बाटलीसारखा डायनॅमो. त्याची दातेरी चकती टायरच्या बाजूवरच फिरते. रात्री उशिरा गावाकडे परतणाऱ्याच्या टायरवर तिचा गोल पट्टा उमटे, आणि चकती वाकडी बसली असेल तर त्याच पट्ट्यावर रबर जाऊन कापड दिसू लागे.

अशा टायरवर सायकलवाल्याचा इलाज ठरलेला: गेटर. जुन्या टायरचा तुकडा कापायचा, त्याच्या कडा तासून पातळ करायच्या आणि फाटलेल्या जागी टायर व ट्यूबच्या मध्ये सरकवायचा. ट्यूब फटीतून बाहेर डोकावत नाही आणि टायर आणखी काही महिने निघतो. फट मोठी असेल तर चांभाराकडून ती शिवून घेत. दुसऱ्या महायुद्धात तर हे कसब म्हणजे गरजच झाली. १९४२ च्या सुरुवातीला मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती गेले. पाठोपाठ डच ईस्ट इंडीजही गेले आणि जगाच्या नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. मलायात उतरलेल्या जपानी सैनिकांपैकी बरेच स्वतः सायकलींवरच होते. टायर फुटले की ते नुसत्या रिमवर सायकली दामटत. भारतात मात्र नवा टायर मिळणे अवघड होऊन बसले होते.

गेटर कशाने चालतो हे समजले की तो कुठे चालत नाही हेही समजते. तुटलेले धागे सोल्यूशनने जुळत नाहीत. सोल्यूशन फक्त रबराला रबर चिकटवते. गेटर तुटलेल्या धाग्यांचे ओझे स्वतःवर घेतो. ५० पौंडांना ते जमते. १०० पौंडांना, बोटभर टायरमध्ये, जाड गेटर चाकाला उसळी देतो आणि पातळ गेटर टिकत नाही. रोड बाइकवर तो घरी पोचण्यापुरताच.

महाबळेश्वर ते म्हसवड

टायरची परीक्षा घ्यायला या दोन जिल्ह्यांसारखा मुलूख शोधून सापडणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला म्हसवड-आटपाडीच्या माणदेशात तो पाचशेच्या आसपास येतो. मध्ये कृष्णेचे खोरे, ऊस आणि साखर कारखाने.

पश्चिमेकडे पाऊस रस्ता उखडतो. सुटलेली खडी बसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची असते. हा दगड फुटतो तो धारदार कडा घेऊन. त्यात ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते, कारण पाणी धारेला वंगणासारखे काम देते. पावसाळ्यात टायर जास्त कापले जातात, त्यात कारपासून सायकलपर्यंत सगळे सापडतात.

पूर्वेकडे सराटे आणि वेडी बाभूळ. पण काटा टायरच्या तळातून शिरतो, ट्यूबला बारीक भोक पाडतो आणि पंक्चर काढले की प्रश्न मिटतो. काट्याने टायर मरत नाही. माणदेशात टायरला मारते ते ऊन. सकाळी २५ अंशांना भरलेली १०० पौंड हवा ४५ अंशांच्या तापलेल्या डांबरावर सात-आठ पौंडांनी वाढते. त्याहून मोठा परिणाम हळूहळू होतो. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतो आणि ताणाला आडव्या बारीक चिरा पडतात. उन्हाने हे काम लवकर होते. म्हणून रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. हवा नसलेली सायकल महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली तर खाली दुमडलेल्या बाजूवर या चिरा आधी दिसतात. २०२० च्या टाळेबंदीत हौसेने घेतलेल्या आणि नंतर जिन्याखाली विसावलेल्या सायकलींची आज हीच गत झालेली असणार.

खोऱ्यात आणखी एक संकट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. अशा पुरात बुडालेल्या सायकलचे नायलॉन कुजत नाही. पण बाजूला जुनी चीर असेल तर पाणी तिथून तारेपर्यंत पोचते, तार गंजते आणि काही महिन्यांनी टायर रिममधून सुटतो.

मात्र बाजूचा सर्वांत मोठा वैरी या तिन्ही पट्ट्यांत एकच: साइडपट्टी. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून आला की सायकलवाला डांबराखाली उतरतो. डांबराची कड मुरमापेक्षा चार बोटे उंच असते. ट्रॉली गेल्यावर तो तिरपा वर चढायला जातो आणि ती तुटकी, खडीची कड टायरच्या नेमक्या पातळ बाजूवरून घासत जाते. तळाला कितीही पंक्चररोधक पट्टा असो, इथे त्याचा उपयोग नाही.

जखम वाचावी

फाटलेला टायर हातात घेऊन नीट पाहिला तर तो कारण सांगतो. तारेच्या वर, टायरभर गोल फिरणारी घासाची रेघ असेल तर ब्रेक रबर तपासावे. तशाच गोल पट्ट्यात बारीक भेगा असतील तर टायर बराच काळ कमी हवेवर चालला आहे. बाजू दर फेऱ्याला दुमडून थकली. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके आणि टायरच्या बाजूला आखूड चीर दिसली, तर खड्ड्यात रिमने टायर चिमटला. एकच तिरकी, स्वच्छ चीर म्हणजे दगड किंवा काच. जाळीसारख्या चिरा म्हणजे वय आणि ऊन. आणि बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेच आहेत, वरून रबर शाबूत दिसले तरी. फुगा आलेल्या टायरवर घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. अशा टायरला गेटर नको, निरोप द्यावा.

हलके, वेगवान आणि नाजूक

रोड बाइकचे टायर इतके नाजूक का करतात? कारण बाजू जितकी पातळ आणि लवचीक, तितकी तिच्या दुमडण्यात शक्ती कमी वाया जाते आणि सायकल हलकी पळते. रेसिंगचा टायर पाव किलोच्याही आत बसतो. खोक्यावर इंचामागे धाग्यांचा आकडा असतो: ६०, १२०, कधी ३३०. आकडा मोठा म्हणजे धागे बारीक आणि टायर मऊ. मजबुती त्यातून कळत नाही. शिवाय मोठा आकडा अनेकदा तळाखालच्या सगळ्या थरांची बेरीज असतो, बाजूला तेवढे थर नसतात. बाजूसाठी वेगळे संरक्षण हवे असेल तर कापडावर नायलॉनची दाट जाळी चढवलेले टायर मिळतात. ते थोडे जड आणि थोडे संथ असतात.

ट्यूबलेसने पंक्चरचा बराचसा प्रश्न सोडवला. आतले द्रावण तळाची बारीक भोके आपोआप बुजवते. पण बाजू सतत वाकत असल्याने तिथली चीर बुजत नाही, बुजली तरी पुन्हा उघडते. डिस्क ब्रेक आल्यामुळे ब्रेक रबराची घासाघीस आणि उतारावर रिम तापणे मात्र कायमचे संपले.

सर्वांत मोठा बदल रुंदीत झाला. वीस वर्षांपूर्वी २३ मिलिमीटर हा रेसिंगचा धर्म होता. आज व्यावसायिक स्पर्धक २८ आणि त्याहून रुंद टायर वापरतात. १८९६ पासून दगडी फरसबंदीवर होणाऱ्या पॅरिस-रुबे शर्यतीत तर तीसच्या वर जातात. कमी दाबाचा रुंद टायर खडबडीत रस्त्यावर उसळत नाही आणि वेगही राखतो, हे आता सर्वमान्य आहे. आपल्याकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलयात्रा, करणाऱ्यांना हे अनुभवाने पटले. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास अशी तिची मुदत. तिथे वीस ग्रॅम वाचवण्यापेक्षा रात्री दोन वाजता कऱ्हाडच्या पुढे बाजू फाटून बसावे न लागणे जास्त मोलाचे.

इथल्या रस्त्यांसाठी

सातारा-सांगलीत रोज चालवायच्या रोड बाइकला २८ मिलिमीटरहून बारीक टायर घेऊ नये. फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ घ्यावा. जाळी चढवलेली बाजू मागावी, निदान मागच्या चाकाला तरी, कारण अंगाचे जास्त वजन त्याच चाकावर असते. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायलाच हवी असे नाही. टायरची कड अडकवणारा हुक नसलेल्या रिमवर ७२ पौंडांच्या वर जाऊ नये. आठवड्यातून एकदा चाक उचलून फिरवावे, दोन्ही बाजू बघाव्यात, ब्रेक रबर रिमवरच बसते ना ते पाहावे. सायकल बराच काळ उभी राहणार असेल तर हवा भरून, सावलीत, शक्य तर टांगून ठेवावी. आणि पिशवीत ट्यूबबरोबर जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवावा. तो नसेल तर दहाची नोट दुमडून घालावी. ती सुती कागदाची असल्याने घरी पोचेपर्यंत तग धरते.

बाकीचे अर्धे काम सायकलवाल्याच्या हातात नाही. डांबराचे थर एकावर एक चढत जातात, रस्ता दरवेळी उंच होतो आणि साइडपट्टी तिथेच राहते. सार्वजनिक बांधकाम विभागाने प्रत्येक डांबरीकरणाबरोबर मुरूम भरून, दाबून साइडपट्टी रस्त्याच्या पातळीला आणली, तर दूधवाल्याचा टायर वाचेल, शाळेला निघालेल्या मुलीचा वाचेल आणि हौशी सायकलपटूचाही. टायर कोणता घ्यावा हे आपण ठरवू. ती कड भरून देण्याची मागणी मात्र प्रत्येक गावाने ऊस हंगामापूर्वी लेखी करावी.