दोनशेच्या बर्गरमध्ये बर्गर किती?

पुणे-सातारा रस्त्याने निघालं की खेड शिवापूरच्या टोलनाक्यानंतर वरवे लागतं. खुर्द आणि बुद्रुक अशी दोन्ही. पुढे नसरापूर फाटा, तिथून उजवीकडे बनेश्वर, राजगड, तोरणा. सरळ गेलं तर कापूरहोळ, म्हणजे भोरकडे वळायची जागा. रविवारी सकाळी या पट्ट्यात निम्मं पुणं असतं. कुणी गडावर निघालेलं, कुणी नारायणपूरला, कुणी महाबळेश्वरला. रस्त्याच्या कडेला मिसळीच्या पाट्या, चुलीवरच्या भाकरीच्या पाट्या, भेळ, चहा, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला बर्गर. पुण्याच्या मॉलमधली चकचकीत साखळी असो की गावात संध्याकाळी चायनीजच्या शेजारी लागणारा गाडा, बर्गर आता भोर तालुक्यालाही नवा राहिलेला नाही.

नवी आहे ती त्याच्यावरची तक्रार. मागच्या सीटवरची मुलं बर्गर म्हणतात, पुढच्या सीटवरचे बाबा मेन्यूवरचा भाव बघून गप्प होतात आणि आजी विचारतात, ‘बटाट्याचाच ना तो? मग वडा काय वाईट होता?’ आजींच्या या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येतं, आणि ते वाटतं तितकं सरळ नाही.

आधी जुना भाव बघू. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं ऑक्टोबर १९९६मध्ये, दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याला. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही, असा इथल्या रीतीला धरून बेतलेला मेन्यू. महाराजा मॅक सुरुवातीला मटणाचा होता, नंतर तो चिकनचा झाला. पण मध्यमवर्ग खरा आत शिरला तो आलू टिक्कीच्या बोटाला धरून. २००४मध्ये कंपनीने २० रुपयांचा मेन्यू काढला आणि पुढे ‘बापाच्या जमान्याचे भाव’ अशा अर्थाची जाहिरात घरोघरी पोचवली. आज तोच आलू टिक्की बर्गर शहरानुसार साधारण ६० ते ८० रुपयांच्या घरात मिळतो. ऐकायला तिप्पट-चौपट. पण औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक धरून २००४चे २० रुपये आजच्या भावात मांडले, तर तेही ७० रुपयांच्या आसपास जातात. म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचा बर्गर महागाईच्या बरोबरीने चालत आलाय, तिच्या पुढे गेलेला नाही.

वडापावाचं काय? १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर तो जन्मला असं मानतात, तेव्हा तो पैशांत मिळायचा. २००४च्या आगेमागे गाड्यावर तीन-चार रुपये पडायचे, आज शहरात पंधरा-वीस पडतात आणि महामार्गावर त्याहून जास्त. शेकड्यात मोजलं तर वडाच जास्त वर गेला. अर्थात आजींना शेकड्याशी देणंघेणं नाही. साठ रुपयांत तीन माणसांचा वडापाव होतो हा त्यांचा हिशेब, आणि तो पक्का आहे.

मग दीडशे-दोनशेचा बर्गर म्हणजे नेमकं काय? खरी चढ इथे झालीय: चीजवाला, दुहेरी पॅटीचा, ‘प्रीमियम’, सोबत फ्राइज आणि कोल्ड्रिंकचा कॉम्बो. या मोठ्या साखळ्या शेअर बाजारात नोंदलेल्या असल्यामुळे त्यांचे ताळेबंद कुणालाही वाचता येतात. त्यात दिसतं की कच्च्या मालावर, कागद आणि डबा धरून, विक्रीच्या साधारण ३० ते ३५ टक्के खर्च होतात. म्हणजे दोनशेच्या बर्गरमध्ये बन, पॅटी, चीज, सॉस, पानं आणि खोकं मिळून साठ-सत्तर रुपये. परदेशी नावाच्या मालकाला रॉयल्टी पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहाएक रुपये. बाकीचं भाडं, पगार, वीज, एसी, गॅस, जाहिरात, यंत्रांची झीज आणि कर्जावरचं व्याज. वर ५ टक्के जीएसटी धरला की तुमच्या हातून जातात २१०.

इथे ‘लूट आहे!’ म्हणायचा मोह होतो. पण ताळेबंदाची शेवटची ओळ वाचली की तो थोडा ओसरतो. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या वेस्टलाइफ फूडवर्ल्डने २०२४-२५मध्ये सुमारे अडीच हजार कोटींची विक्री केली आणि निव्वळ नफा राहिला बारा कोटींच्या आसपास. शंभर रुपयांमागे पन्नास पैसे. भारतात बर्गर किंग चालवणारी कंपनी तर वर्षानुवर्षं तोट्यात आहे. नवी दुकानं उघडायचा सपाटा आणि त्यावरची घसारा-व्याजाची ओझी हे त्यामागचं एक मोठं कारण, हे खरं. तरी चित्र मजेशीर आहे: खाणाऱ्याला महाग वाटतंय आणि विकणाऱ्याच्या हाती फारसं उरत नाही. बराच पैसा जातो तो जागेत. कोपऱ्यावरचं दुकान, मॉलचा मजला, महामार्गालगतचा पार्किंगसकट मोठा प्लॉट, यांचं भाडं आपण बनच्या आडून भरतो.

माल मात्र परदेशातला नाही, हे आपल्या जिल्ह्याने तरी विसरू नये. मॅकडोनाल्ड्सने १९९६च्या आधीच पुरवठादार तयार करायला घेतले होते. आइसबर्ग लेट्यूसची पानं त्रिकाया या कंपनीच्या तळेगावच्या शेतीतून जायची आणि चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून. पॅटी तळोजाची. म्हणजे ज्याला आपण अमेरिकन खाणं म्हणत होतो, त्याच्यातलं बरंच काही आपल्या पुणे जिल्ह्यातून किंवा घाटाखालून येत होतं. डॉलर वधारला म्हणून बर्गर वधारला, हे कारण त्यामुळे फारसं टिकत नाही.

‘कच्चा माल महागला’ हे दुसरं लाडकं कारण. ते अर्धं खरं आहे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के. त्याचा चटका तळणाऱ्या प्रत्येकाला बसला, वडेवाल्याला सगळ्यात जास्त. पण टोमॅटोची गोष्ट बघा. जुलै २०२३मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून गेला. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या आसपास गेलं. मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांतून टोमॅटो गायब झाला, पाठोपाठ बर्गर किंगमधूनही. कंपन्यांनी कारण दिलं दर्जाचा माल मिळत नसल्याचं. बर्गरमध्ये टोमॅटो असतो किती? दोन चकत्या, धरा तीस ग्रॅम. शंभर रुपये किलोने तीन रुपये, दीडशेने साडेचार. पुढच्या दोन महिन्यांत भाव इतका कोसळला की शेतकऱ्यांवर टोमॅटो फेकायची पाळी आली. तेव्हा त्या तीस ग्रॅमची किंमत पाच-दहा पैशांत सुद्धा बसली असती. बर्गर स्वस्त झाला? छे! मेन्यूवरच्या भावाला वर जायचा जिना माहीत असतो, खाली यायचा नसतो.

कराच्या बाबतीत हे सरकारदरबारी लिहिलं गेलंय. नोव्हेंबर २०१७मध्ये एसी हॉटेलांवरचा जीएसटी १८वरून ५ टक्क्यांवर आला. बदल्यात हॉटेलांना आधी मिळणारी कच्च्या मालावरच्या कराची वजावट बंद झाली. ग्राहकांना वाटलं, बिल उतरेल. बऱ्याच ठिकाणी मूळ भावच वर सरकले आणि बिल होतं तिथेच राहिलं. वेस्टलाइफच्याच हार्डकॅसल रेस्टॉरंट्सवर नफेखोरीविरोधी प्राधिकरणाने २०१८मध्ये ७ कोटी ४९ लाखांचा ठपका ठेवला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने सुनावणीच्या पद्धतीतल्या त्रुटीवर तो आदेश बाजूला ठेवून प्रकरण पुन्हा ऐकायला पाठवलं, म्हणून दोषी कोण यावर मी बोलणार नाही. पण घरचं बिल तपासायची सवय त्यातून लागायला हवी होती. संधी पुन्हा आलीच: २२ सप्टेंबर २०२५पासून चीज, बटर आणि सॉस यांवरचा कर १२वरून ५ टक्के झाला, पाकीटबंद पनीरवरचा शून्य. हॉटेलांना वजावट नाही, त्यामुळे ही कपात थेट त्यांच्या खर्चातली कपात आहे. तुमच्या नेहमीच्या ठिकाणी चीज बर्गरचा भाव त्यानंतर किती उतरला, हे जुनं बिल काढून बघा.

चीजचा विषय निघालाच आहे तर नगरचा किस्सा सांगायला हवा. तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाने निलंबित केल्याची बातमी फेब्रुवारी २०२४मध्ये आली. आक्षेप होता चीजऐवजी वनस्पती तेलापासूनचे चीजसारखे पदार्थ वापरून नाव मात्र चीजचं दिल्याचा. कंपनीने राज्यात काही पदार्थांच्या नावातून चीज हा शब्दच काढला. नंतर आपण खरंच चीज वापरतो याला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची पुष्टी मिळाल्याचं कंपनीने सांगितलं. या वादातून ग्राहकाने घ्यायचं ते एवढंच: चीजसाठी वरचे तीस-चाळीस रुपये मोजताना ते कसलं चीज आहे हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. साखळीत विचारा आणि गाड्यावरही विचारा. गाड्यावर तर आधी विचारा.

आणि नावाची किंमत? ती पुणेकरांइतकी कुणाला माहीत नसेल. कॅम्पात आणि कोरेगाव पार्कात १९९२पासून ‘बर्गर किंग’ नावाचं एक इराणी दांपत्याचं हॉटेल आहे. अमेरिकेची बर्गर किंग भारतात आली २०१४मध्ये, पण नाव तिने इथे १९७९मध्येच नोंदवून ठेवलं होतं. २०११मध्ये कंपनीने दावा लावला. जुलै २०२४मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबरात उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. पॅटीच्या पाककृतीसाठी इतकी वर्षं कुणी कोर्टात बसलं असतं असं मला वाटत नाही. भांडण पाटीवरच्या दोन शब्दांचं आहे, कारण भाव त्यांच्यावर ठरतो.

आता वरव्याला परत येऊ. महामार्गावर ग्राहक बर्गरसाठी पैसे देतो हे अर्धसत्य आहे. तो देतो गाडी लावायला जागा, स्वच्छ संडास, बाळाचे कपडे बदलायला कोपरा, आणि पोट बिघडणार नाही याची बऱ्यापैकी खात्री यांसाठी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन साताऱ्याकडे निघालेल्या बाईला यातला संडास एकटाच शंभर रुपयांचा वाटू शकतो, आणि तिचं बरोबर आहे. ढाबेवाल्यांनी हे कधीच ओळखायला हवं होतं. काहींनी ओळखलं, आणि त्यांची ‘चुलीवरची’ थाळी आता तीनशेच्या दिशेने निघालीय. ती थाळी आणि कॉम्बो समोरासमोर ठेवले तर मी थाळीच घेईन: दोन भाज्या, भाकरी, भोर-मावळाकडचा इंद्रायणी भात, आणि वाढणारा पुन्हा विचारायला येतो. कॉम्बोतलं कोल्ड्रिंक म्हणजे यंत्रातून आलेलं पाकाचं पाणी आणि बर्फ. साखळ्यांना सगळ्यात जास्त सुटतं ते तिथे आणि फ्राइजमध्ये, म्हणून तर काउंटरवरची मुलगी ‘मील करू का सर?’ असं प्रत्येकाला विचारते. तिचा दोष नाही, तिला तसं शिकवलेलं असतं.

गावच्या गाड्यावरचा पन्नास-साठचा बर्गर या हिशेबात कुठे बसतो? भाडं जेमतेम, रॉयल्टी नाही, एसी नाही. बन जवळच्या बेकरीचा, टिक्की बहुतेक वेळा गोठवलेल्या पाकिटातली. तुमच्या रुपयातला मोठा वाटा तिथे खरंच खाण्यात जातो. फक्त कढईकडे नजर टाका. तळणीच्या तेलातली खराबी २५ टक्क्यांच्या वर गेली की ते टाकून द्यायचं असा नियम २०१८पासून आहे. पण गाड्यावर ते मोजायला कुणी येत नाही. तेल काळं आणि फेसाळ दिसलं तर पुढे चला, मग बर्गर तीस रुपयांना मिळत असला तरी.

मोठ्या साखळ्यांच्या मेन्यूवर अजून एक आकडा असतो, जो आपण भाव वाचण्याच्या नादात वाचत नाही. दहा किंवा अधिक दुकानं असलेल्यांना जुलै २०२२पासून प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मेन्यूवर लिहाव्या लागतात. आलू टिक्की बर्गर सुमारे ३४० कॅलरींचा. त्याच्या तिप्पट भावाच्या बर्गरसमोर तिप्पट आकडा दिसतो का ते पाहा. बहुतेकदा दिसत नाही, आणि ज्यात दिसतो त्यात तो सॉस आणि चीजमधून आलेला असतो. आकाराचंही तसंच. बनचा व्यास दहावरून अकरा सेंटिमीटर झाला तर खाणं एकवीस टक्क्यांनी वाढतं. भाव पन्नास टक्क्यांनी वाढला असेल तर उरलेले एकोणतीस टक्के नावाला आणि खोक्याला.

म्हणून माझा निवाडा असा. सगळ्यात खालच्या पायरीवरचा साधा बर्गर आजही त्याच्या पैशांचा आहे, मुलांनी हट्ट केला तर खुशाल घ्या. मधला चीजवाला मोठ्या अंतराने, चव म्हणून. दोनशेच्या वरचा भाज्यांचा किंवा बटाट्याचा बर्गर महामार्गावर घेऊ नका, तो पैसे वसूल करून देत नाही. चिकनचा घ्यायचा तर अख्ख्या मांसाचा तुकडा आहे की दळून थापलेला, हे विचारून घ्या. मील करू नका, पाण्याची बाटली घरून भरून आणा. आणि आजींना वडापावच हवा असेल तर त्यांना वडापाव द्या.