घरातला समुद्र – भाग ८ : मे नव्हे, जून सांभाळा

भंडाऱ्यात समुद्री टाकी ठेवायची म्हटली की समोरच्याचा पहिला प्रश्न उन्हाळ्याचाच असतो. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, स्लॅबच्या घरात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो. अशा ठिकाणी २५ ते २७ अंशांत जगणारे जीव टिकणार कसे? प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडचा कोरडा मे महिना टाकीसाठी बाहेरून दिसतो तेवढा वाईट नसतो. खरी परीक्षा मृगाचा पाऊस पडून गेल्यावर सुरू होते, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. आजचा भाग त्यासाठीच.

आधी, एकेका अंशाची एवढी काळजी कशाला ते पाहू. प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याच्यामुळेच. पाणी सोसवेल त्यापेक्षा तापले की शैवालाचे हे काम बिघडते, त्यातून घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात आणि प्रवाळ शैवालालाच बाहेर टाकते. मग पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. खुल्या समुद्रात, तिथल्या नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी अवघा १ अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हे घडते. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये सोसले. आपल्या मालवणच्या प्रवाळांवरही असे पांढरे पडणे नोंदले गेले आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने जगभरातील प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे अशा पांढरे पडण्याची, घोषणा केली. समुद्राची ही अवस्था असताना २०० लिटरच्या टाकीला सवलत कोण देणार? शिवाय पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्राच्या खारटपणाच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, ३० अंशांना तो ६.२ वर येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रीफ बांधणारी कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रातून काढलेला तुकडा कोणी कितीही गोड बोलून विकू लागला तरी घेऊ नका. क्लाऊनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते, नवी मुंबईत ऐरोलीलाही हे काम चालते. असे मासे आणि कृत्रिम खडक यांवर सुरुवात करा. पुढचे सगळे गणित त्यांनाही लागू आहे.

आता मुद्द्याकडे. माठातले पाणी गार होते ते बाहेर झिरपून वाफ झालेल्या थेंबांमुळे. टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की तेच होते, फक्त जोरात. १ लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. बाहेरून उष्णता येत नसेल तर एवढ्याने २०० लिटरची टाकी जवळजवळ ३ अंशांनी उतरते. आता फ्रीझरमधल्या बर्फाच्या बाटलीचा हिशेब करा. १ लिटर बर्फ वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम साडेचारशे-पावणेपाचशे किलोज्यूल शोषतो, म्हणजे अर्धा अंश. दिवसभर बाटल्या बदलत बसायचे, तापमान वरखाली करायचे आणि मिळवायचे एवढेच! बर्फ संकटकाळी ठीक, रोजचा उपाय म्हणून नाही.

पण पंखा कुठपर्यंत गार करू शकतो? त्याची तळरेषा हवा ठरवते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा उतरत जातो आणि एका जागी थांबतो. हे वेट बल्ब तापमान. त्याच्या खाली पंखा टाकीला नेऊच शकत नाही. पंप, दिवे आणि काचेतून येणारी उष्णता असल्यामुळे टाकी प्रत्यक्षात त्याच्या दोन-तीन अंश वर थांबते. मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब येते २३ च्या जवळ. म्हणजे साध्या पंख्यावर टाकी २६ अंशांपर्यंत राखता येते. पावसाळी दिवसात हवा ३१ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर वेट बल्ब २८! आपल्याला गारवा वाटतो, अंगावर चादर ओढावीशी वाटते, आणि टाकी मात्र ३० च्या पुढे सरकत असते. सगळ्यात वाईट दिवस या दोघांच्या मधले: पहिला पाऊस होऊन उघडीप पडलेली, ३८ अंश आणि चिकट उकाडा. तेव्हा वेट बल्ब २९ ला टेकते. मुंबईकर टाकीवाल्यांना मे महिन्यातही चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, लागतो तो याच कारणाने. त्यांचा सल्ला जसाच्या तसा विदर्भात आणू नका.

घरातला कूलर मित्र आहे की शत्रू, हे खिडक्यांवर अवलंबून. कूलर खिडकीत लावलेला असेल, बाहेरची कोरडी हवा ओढत असेल आणि समोरचे दार उघडे असेल, तर खोलीतली हवा गार होते आणि वेट बल्ब जवळजवळ बाहेरचेच राहते. टाकीचा पंखाही काम करत राहतो. तोच कूलर बंद खोलीत मधोमध ठेवून तीच ती हवा फिरवली की तासाभरात खोली दमट होते. माणसांना घाम येतो आणि टाकीही चढू लागते. वाळ्याच्या टट्ट्या लावणाऱ्या जुन्या घरांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मग चिलर हवा, किंवा त्या खोलीपुरता एसी. एसी हवेतला ओलावाही काढतो, त्यामुळे पंख्यात पुन्हा जीव येतो. चिलर टाकीतली उष्णता खोलीत ओततो. स्टँडच्या बंद कपाटात तो कोंडला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. चिलर घेण्याआधी मात्र टाकीतली फुकटची आच कमी करा. पाण्यात बुडालेला ५० वॉटचा पंप दिवसभरात जेवढी उष्णता सोडतो, ती घालवायला पावणेदोन लिटर पाण्याची वाफ करावी लागते. कमी वॉटचा पंप, एलईडी दिवे आणि दिवे लावायची वेळ संध्याकाळी सातनंतर, एवढ्यानेही फरक पडतो.

पंख्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. कोरड्या दिवसांत २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर सहज उडते. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. रोज ५ लिटर उडाले आणि चार दिवस भर घातली नाही, तर खारटपणा हजारी ३५ वरून ३९ च्या जवळ पोहोचतो. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची, रोज, आणि तीही आरओची. आपल्या नळाला ज्या वैनगंगेचे पाणी येते तिला कन्हान मिळते, कन्हानमध्ये नाग नदीतून नागपूरचे सांडपाणी येते. नायट्रेट-फॉस्फेट असलेले नळाचे पाणी रोज ओतत राहिलो तर तापमान राखूनही टाकी हिरवी होईल. बोअरचे जड पाणीही टाळा.

मेच्या शेवटी वादळाने तारा तुटतात आणि वीज चार-चार तास जाते. इन्व्हर्टरवर चिलर चालवायचा हट्ट धरू नका. पाणी हलते ठेवणारा पंप आणि वरचा पंखा, दोन्ही मिळून ३०-४० वॉट, एवढे चालले तरी टाकी तरते. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्याच.

थंडीबद्दल थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा लिटरमागे १ वॉट या बेताने हीटर हवा. एका मोठ्याऐवजी दोन छोटे लावा. हीटर बिघडतो तो बहुधा चालू अवस्थेत अडकून. छोटा अडकला तर तुम्हाला सावरायला वेळ मिळतो.

या आठवड्यात वाचकांनी एवढे करावे. टाकीच्या खोलीत एक साधा थर्मामीटर टांगा, दुसऱ्याच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळून त्यावर पंख्याचा वारा सोडा आणि दहा मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत लिहा. दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा. ओल्या फडक्याचा आकडा २५ च्या वर जाऊ लागला की पंख्यावर विसंबू नका, मग बाहेर कितीही गार वाटो. भरीचे पाणी आपोआप घालणारी साधी फ्लोटची व्यवस्था घरी कशी जुळवायची, ते पुढच्या भागात.