परमुलखातले बिऱ्हाड

परदेशी जाणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विमान, उंच इमारती आणि डॉलर उभे राहतात. प्रवासवर्णने लिहिणारेही बहुधा धबधबे, पूल आणि पुतळे यांवरच शाई खर्च करतात. परंतु जो माणूस तेथे पंधरा दिवस फिरायला नव्हे, तर बिऱ्हाड करायला जातो, त्याच्यापुढचे पहिले प्रश्न अगदी साधे असतात. थंडीत पाय कशाने झाकायचे? पोटात काय घालायचे? शेजारणीला हाक काय मारायची? इतिहासाच्या पुस्तकात या प्रश्नांना जागा मिळत नाही. वास्तविक माणूस तेथे टिकतो की मोडतो हे पुष्कळसे यांवरच ठरते, असे माझे मत झाले आहे.

हे मत कसे झाले ते सांगितले पाहिजे. मी साखऱ्याची. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आमच्या आजीच्या लेखी हिंगोलीच्या पलीकडे सगळा परमुलूखच. मी वसतिगृहात राहायला निघाले तेव्हा तिने बांधून दिलेल्या शिदोरीत तिखट-मिठाच्या पुड्याही होत्या. शहरात मीठ मिळते यावर तिचा विश्वास नव्हता. पुढे ग्रंथालयात आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची चरित्रे एकापाठोपाठ हाती आली, आणि मोठमोठ्या घटना सोडून माझे लक्ष सारखे त्यांच्या खोलीकडे, ताटाकडे आणि अंगावरच्या कपड्यांकडेच जाऊ लागले. प्रस्तुत लेख त्याच नजरेने लिहिला आहे.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला होते. ते बरोबर नव्हते. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) महाविद्यालयात भर सभेत त्यांनी सांगितले होते, की मी माझा धर्म, माझा पोशाख आणि माझा आहार सोडणार नाही. न्यूयॉर्कजवळच्या रोझेल गावी त्यांना आसरा दिला तो थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी. दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या असताना एका जुन्या मिशनरी मासिकात या बाईंनी गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला होता आणि कोण कुठली ती मुलगी म्हणून आपणहून पत्र लिहिले होते. आनंदीबाईंनी त्यांना मावशी करून टाकले. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे अनोळखी बाईलासुद्धा काकू, मावशी, आत्या म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. इंग्रजीतल्या 'मिसेस'ला कसलेच नाते चिकटलेले नसते. परक्या गावात पहिली सोय करायची ती नात्याची. ती झाली की मग बाकीचे पाहता येते.

त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. येथे थोडा भूगोल सांगणे जरूर आहे. हिंगोली विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर, तर फिलाडेल्फिया चाळीस अंशांवर. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तेथे तो साडेनऊ तासांचाही भरत नाही. जानेवारीत पाणी गोठते. अशा हवेत नऊवारी लुगडे नेसून वावरायचे म्हणजे काय, याचा विचार आपण करत नाही. कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या पडतात. शेतात चिखलातून चालायला, पाणी भरायला, भराभर वर-खाली करायला याहून सोयीचे नेसणे नाही. आमच्या आजीने जन्मभर तेच नेसले. पण बर्फात तीच सोय जिवावर येते. आनंदीबाईंनी लुगडे सोडले नाही. ते गुजराती पद्धतीने, घोट्यांपर्यंत पाय झाकतील असे नेसायला सुरुवात केली. शब्दही पाळला आणि पायही झाकले! बाहेरून पाहणाऱ्याला ही क्षुल्लक बाब वाटेल. पण कोणत्या गोष्टीला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे त्या अठरा वर्षांच्या मुलीला परक्या गावात एकटीने ठरवावे लागले. सल्ला विचारावा तर पत्र हिंदुस्थानात जाऊन उत्तर यायला दोन महिन्यांहून अधिक काळ जाई. तोवर थंडी कशी थांबणार?

खोलीतल्या शेगडीची कथा तर याहून वाईट. ती नीट पेटत नसे, पेटली की धूर कोंडे. म्हणजे एक तर धूर सोसायचा, नाही तर थंडी. शाकाहार पाळायचा म्हणून स्वयंपाकही बहुधा आपला आपणच करायचा, आणि तो अभ्यासाच्या वेळेतून वेळ काढून. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. त्या क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षय जंतूंमुळे होतो हे खरे, परंतु अर्धपोटी आणि गारठलेले शरीर त्याला लवकर वश होते. हे लिहिताना माझ्या मनात राहून राहून येते, की त्या महाविद्यालयात एवढे डॉक्टर होते, पण एक धड शेगडी कोणाच्या ध्यानात आली नाही.

जाता जाता एक गंमत. आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या त्या वेळी तिथल्या गावोगावची घड्याळेसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हती; प्रत्येक शहराची वेळ त्याच्या त्याच्या सूर्याप्रमाणे. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ सुरू केली. म्हणजे त्या हिवाळ्यात नव्या वेळेला सरावणारी ही मराठी मुलगी एकटी नव्हती, सारा देशच सरावत होता!

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. रमाबाई पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या, गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. इंग्रजी न जाणणाऱ्या मराठी वाचकाला तो देश समजावून सांगायचा म्हणून त्यांनी राज्यकारभार, शाळा, घरसंसार, व्यापार, स्त्रियांच्या संस्था असे सगळे त्यात घेतले. स्त्रिया सभा भरवतात, हिशेब ठेवतात, संस्था चालवतात याचे त्यांनी तोंड भरून कौतुक केले. मात्र कौतुक करताना डोळे मिटले नाहीत. टोप्यांवर पक्ष्यांची पिसे मिरवणाऱ्या आणि कंबर आवळून श्वास कोंडून घेणाऱ्या बायकांना त्यांनी बोल लावला. काळ्या लोकांना आणि मूळच्या रहिवाशांना तेथे कसे वागवले जाते तेही लिहिले. नवख्याचा हाच उपयोग असतो. घरच्या माणसाला जे दिसेनासे झालेले असते, ते त्याला पहिल्याच दिवशी खुपते. रमाबाईंचे मला आणखी एक वाटते: त्यांनी धर्म बदलला, पण ताट बदलले नाही. त्या शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या. माणूस कुठे वाकेल आणि कुठे ताठ राहील याचा अंदाज बाहेरच्याला बांधता येत नाही तो असा.

आजही हे असेच चालते. आमच्या नात्यातला एक भाऊ दुबईला कामाला गेला. आम्हाला वाटले, हिंगोलीच्या मे महिन्यात तापलेला माणूस, त्याला वाळवंटाचे काय! पण त्याचे फोनवरचे पहिले वाक्य होते, "इथं घाम वाळतच नाही." कारण उघड आहे. आपला उन्हाळा कोरडा. घाम वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. तेथे उशाशी समुद्र. हवा आधीच ओली, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. शाळेत बाष्पीभवनाची व्याख्या मी दहा वेळा लिहिली असेल. ती समजली त्याच्या त्या एका वाक्याने.

आता बाबासाहेबांकडे येते. १९१३च्या जुलै महिन्यात, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आरंभी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले, पण तेथील जेवण रुचेना म्हणून जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एका खोलीत राहिले. ही मैत्री जन्माची ठरली. नंतर १९२०मध्ये ते शिक्षण पुरे करायला लंडनला गेले तेव्हाची हकीगत चरित्रकारांनी नोंदवली आहे: घरमालकीण जेवण इतके बेताचे देई, की रात्री उशिरापर्यंत वाचत बसलेल्या बाबासाहेबांना मुंबईच्या ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांवर भूक भागवावी लागे. वसतिगृहातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु त्यांच्या बाबतीत नवखेपणाचा अर्थच उलटा झाला. आनंदीबाईंना परदेशात जे जे अडले, ते थंडीमुळे आणि अन्नामुळे. बाबासाहेबांना तेथे थंडी आणि भूक दोन्ही होती, पण खोली मागताना कोणी जात विचारत नव्हते. अमेरिकेत भेदभाव नव्हता असे नव्हे. रमाबाईंनी तो पाहिलाच होता. मात्र या विद्यार्थ्याच्या वाट्याला तेथे बरोबरीची खुर्ची आली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतःच लिहिले आहे, की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती परत आली बडोदा स्टेशनवर.

१९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायचे कोठे? हिंदूंची खानावळ शक्य नव्हती. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात जागा मिळवली. तेथे दुसरे कोणी उतरलेले नव्हते. अंधाऱ्या दिवाणखान्यात ते एकटेच पुस्तक वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना हातात काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि त्यांनी जागा सोडायला फर्मावले. बाबासाहेबांनी शहरातल्या दोन मित्रांना विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आडवळणाने नकार दिला. न्यूयॉर्क आणि लंडन येथे बिऱ्हाड करून आलेला हा माणूस त्या दिवशी कामाठी बागेत जाऊन बसला, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.