राहिलेलं जीवशास्त्र आणि ग्वाल्हेरची दोन दारं

ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात १९४६पासून डॉक्टर घडत आहेत. गोला का मंदिर भागातल्या माधव इन्स्टिट्यूटमध्ये १९५७पासून इंजिनिअर. दोन्ही नावं शिंदे घराण्यातली, शहर एकच, तरी इंजिनिअरला वैद्यकीयकडे वळायची वाट बरीच वर्षं बंद होती. अकरावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलं, की सोळाव्या वर्षीचा तो निर्णय जन्माचा ठरे. वैद्यकीय प्रवेशाच्या १९९७च्या नियमावलीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विज्ञानाचे विषय अकरावी-बारावीतच शिकलेले हवे होते. पुढे पदवी मिळवूनही राहिलेला विषय भरून काढता येत नसे. मार्च २०२२मध्ये कमाल वयाची अट गेली. २२ नोव्हेंबर २०२३ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्रही मान्य केलं. आता इंजिनिअर मुलगी मुक्त विद्यालयातून तेवढा एक विषय देऊन ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसू शकते. बी.कॉम. झालेल्याला तिन्ही विषय करावे लागतील.

हे न्याय्यच झालं, पण काम अर्धं आहे. सरकारी खर्चाने एक पदवी घेतलेल्याने दुसरी जागा का अडवावी, असा आक्षेप येतो. पण जागा नीटच्या गुणांवर मिळते आणि तिथे पदवीला सवलत नाही. शिवाय व्हेंटिलेटर आणि एमआरआयच्या काळात यंत्र जाणणारा डॉक्टर रुग्णालयाला जडही नाही. प्रयोगांविना शिकलेलं जीवशास्त्र कच्चं राहतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. ते पाठांतराने मिळवताही येतील, पण सूक्ष्मदर्शकाखालची पेशी ओळखायची सवय पाठांतरातून येत नाही. अमेरिकेत कला शाखेचा पदवीधर विज्ञानाचे विषय विद्यापीठातच, प्रयोगशाळेत उभं राहून पुरे करतो आणि मग वैद्यकीयसाठी अर्ज करतो. आपण परीक्षा देण्याची मुभा दिली, शिकण्याची जागा दिली नाही. ती जागा खासगी शिकवण्यांनी घेतली, म्हणजे पुन्हा ज्याच्याकडे पैसा त्याचीच सोय. ग्वाल्हेरात १९६४चं जिवाजी विद्यापीठ आहे, कमलाराजा कन्या महाविद्यालय आहे. तिथल्या प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत पदवीधरांसाठी संध्याकाळचा वर्षभराचा वर्ग भरवावा, शरीरक्रियेचे काही तास गजराराजाच्या अध्यापकांनी घ्यावेत, आणि फी नोकरी करणाऱ्याला पेलेल इतकीच ठेवावी.