नाक्यावरचा रस्ता कोणाचा?

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेला, वाशीम जिल्ह्याच्या हद्दीला लागून कनेरगाव नाका हे गाव आहे. एकेकाळी या सीमेच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड. नाका म्हणजे थांबण्याची जागा. गाडी उभी करावी, माल दाखवावा, कर भरावा आणि मग पुढे निघावे, असा नाक्याचा रिवाज. १९४८ साली निजामाची राजवट संपली आणि १९५६ साली मराठवाडा व वऱ्हाड एकाच राज्यात आले. सीमा पुसली गेली, नाव तेवढे उरले. आज अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ या भागातून जातो. नाक्यावर थांबण्याचे कारण आता कोणालाच राहिलेले नाही.

महामार्गावरच्या गावाची अडचण येथूनच सुरू होते. दूरच्या प्रवाशाला रस्ता हवा तो लवकर पोचण्यासाठी. गावकऱ्याचे मात्र त्याच रस्त्यावर अंगण असते. मुले तो ओलांडून शाळेत जातात, बायका एस.टी.ची वाट पाहतात, शेताकडे निघालेली बैलगाडी त्यावर आडवी येते. दोघांचीही गरज खरी आहे. मग भांडण कशाचे? भांडण वेगाचे आहे, आणि त्याचा हिशेब अगदी सोपा आहे.

ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ८० वेगाची २२ मीटर. समोर मूल आले हे ध्यानात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा अवधी रस्त्यांचे शास्त्रज्ञ अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात पहिली गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, तर दुसरी ५५ मीटर. पुढे ब्रेक लागतो. पण वेग दुप्पट झाला की गाडीतील जोर चौपट होतो. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानाप्रमाणे ४० च्या वेगाला थांबण्यास ४५ मीटर अंतर धरतात आणि ८० च्या वेगाला १२० मीटर. वेग दुपटीने वाढला, अंतर मात्र जवळजवळ तिपटीने. या मधल्या ७५ मीटरांत कोण उभे आहे, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडे यावर ठरलेला उपाय आहे. अपघात झाला की लोक रस्त्यावर बसतात, साहेब येतात, आश्वासन मिळते. आणि आठ दिवसांत कोणीतरी रातोरात मातीमुरुमाचा उंचवटा घालून मोकळे होते. हा राग समजण्यासारखा आहे, पण हा उपाय घातक आहे. शास्त्रशुद्ध गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच, पाठीवर गोलसर असतो. त्याच्या अलीकडे फलक असतो, अंगावर पांढरे पट्टे असतात. घरगुती उंचवट्यावर रात्री मोटारसायकलवाला उलथतो आणि दवाखान्यात निघालेली बाळंतीण हादरते. त्यातून राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालण्यास केंद्रीय खाते सहसा मान्यता देत नाही.

मग गावाने करावे काय? माझे उत्तर असे, की गावाने आधी लिहावयास शिकावे.

सरकारी व्याख्येप्रमाणे महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात घडले, अथवा १० माणसे दगावली, तर ती जागा अपघातप्रवण ठरते आणि दुरुस्तीच्या यादीत येते. ही मोजणी पोलिसांच्या नोंदीवरून होते. जो अपघात आपसात मिटवला, ज्याची फिर्याद दिली नाही, तो सरकारदरबारी घडलेलाच नसतो. कोणी म्हणेल, दहा माणसे मरेपर्यंत आम्ही वाट पाहावी काय? मुळीच नाही. म्हणूनच गावाची स्वतःची वही हवी. कोणत्या वळणावर, किती वाजता, कोणते वाहन, अंधार होता की पाऊस. जीव गेला नाही, पण थोडक्यात वाचला, असे प्रसंगसुद्धा त्यात असावेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने सरकारी यंत्रणांबरोबर हेच केले. अपघातांची कारणे शोधून एकेक जागा दुरुस्त केली आणि मृत्यूंची संख्या चांगलीच खाली आली.

दुसरी गोष्ट, दार ओळखावे. गावातील रस्ता ग्रामपंचायतीचा, काही रस्ते जिल्हा परिषदेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि महामार्ग केंद्राचा. चुकीच्या दारी दिलेला अर्ज वर्षभर फिरतो. ग्रामसभेत ठराव करून, वहीची नक्कल जोडून तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. कनेरगावासारख्या ठिकाणी आणखी एक खबरदारी लागते. येथे एक जिल्हा संपून दुसरा लागतो. महसुली विभागही बदलतो, कारण हिंगोली मराठवाड्याच्या विभागात, तर वाशीम अमरावतीच्या. हद्दीपलीकडचा अपघात पलीकडच्या कागदात जातो आणि दोन्ही वह्या अर्ध्याच राहतात. अशा ठिकाणच्या समितीत दोन्ही बाजूंचे लोक बसले पाहिजेत. ट्रकला जिल्ह्याची हद्द दिसत नाही.

हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पुढच्याच वर्षी एका पत्रकाराने, जो अशाच एका मुलीचा बाप होता, लेखणी उचलली आणि आईबाप, शेजारीपाजारी संघटित झाले. आज मुलांना निर्धास्त सायकल चालवता येणारा देश म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, त्यामागे त्या शेजाऱ्यांची चिकाटी आहे.

शेवटी एक कर्तव्य असे, की त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. जखमीला उचलले तर आपल्यामागे चौकशी लागेल, या भीतीने लोक दूर उभे राहतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले; सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. १०८ क्रमांक फिरवावा आणि जखमीजवळ थांबावे. नाक्यावर पूर्वी राजाच्या हुकमाने लोक थांबत. आता शेजाऱ्यासाठी आपण होऊन थांबण्याची पाळी आपली आहे.